हायकोर्ट वांद्र्याला चाललं. फोर्टातल्या इमारतीचं काय?

प्रति,
मुंबई उच्च न्यायालयाच्या फोर्टमधल्या इमारतीचं पुढे काय करायचं हे ज्यांच्या सहीने ठरणार आहे ते सर्व : महाराष्ट्र शासन, सार्वजनिक बांधकाम विभाग, उच्च न्यायालय प्रशासन आणि मुंबई वारसा संवर्धन समिती.

सविनय नमस्कार.

वांद्रे पूर्वेला, शासकीय वसाहतीच्या जागेवर, ५ नोव्हेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची कोनशिला बसली. न्यायमंदिर बांधा, सप्ततारांकित हॉटेल नको, असं त्यांनी तिथे बजावलं. ऐकून बरं वाटलं. मग पुढचे चार दिवस मी पेपर अक्षरशः चाळून काढले. नव्या इमारतीबद्दल भरभरून वाचायला मिळालं. मी शोधत होतो ते वेगळंच. १८७९ पासून ओव्हल मैदानासमोर उभी असलेली ती काळ्या दगडाची इमारत न्यायाधीश उठून गेल्यावर कुणाच्या ताब्यात जाणार, तिची देखभाल कोण करणार, तिथे आत कोण जाऊ शकणार? हे तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. म्हणून हे पत्र, आणि ते बंद पाकिटात न घालता चारचौघांसमोर लिहितो आहे.

स्थलांतराला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. न्यायमूर्तींची मंजूर पदं आज ९४ आहेत. त्यातले काही नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूरला बसतात हे धरलं तरी एकोणिसाव्या शतकात मूठभर न्यायाधीशांसाठी बांधलेल्या इमारतीत हा संसार मावणारा नव्हेच. पक्षकारांना टेकायला बाक नाही, फायली ठेवायला जागा नाही. वांद्र्याला जायलाच हवं. माझं भांडण जाण्याशी नाही, मागे काय आणि कसं ठेवून जाता त्याच्याशी आहे.

माझा संबंध काय, असं कुणी विचारेल. मी वकील नाही. इतिहासाचा अभ्यासकही नाही. चाळीसएक वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली, त्यातली शेवटची पंधरा जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत. पण त्या इमारतीशी ओळख त्याच्याही आधीची. आमच्या तात्यांचं जमिनीचं दुसरं अपील हायकोर्टात होतं. १९७७ साली, मी तेरा वर्षांचा असताना, ते मला बरोबर घेऊन आले. रात्री कऱ्हाडला गाडीत बसलो, सकाळी व्हीटी. एका पिशवीत सातबारा आणि खालच्या कोर्टांचे निकाल, दुसऱ्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ओव्हलवर झाडाखाली बसून खाल्लं आणि तात्या म्हणाले, "आत आपल्याला सोडतील का रं?"

सोडलं. गोल जिना चढून गेलो, एका कोर्टात मागच्या बाकावर बसलो. छत इतकं उंच की मी मान मोडेस्तोवर वर बघत राहिलो. सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्या अर्ध्या तासात तात्यांना कळलं ते एवढंच की न्यायाधीशांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि गट नंबर बरोबर सांगितला. निकाल पुढे आमच्याविरुद्ध लागला. तात्यांनी तो मुकाट्याने मानला, पण गावात मरेपर्यंत सांगत राहिले की मुंबईच्या हायकोर्टात आमच्या शेताचा नंबर वाचला गेला.

आज तात्या असते तर त्यांना रात्रीची गाडी धरावी लागली नसती. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. ते बसलं कुठे? सीपीआर रुग्णालयासमोरच्या, जिल्हा न्यायालयाने सोडलेल्या जुन्या इमारतीत, तिची डागडुजी करून. कोर्टाने सोडलेली इमारत पुन्हा कोर्ट होऊ शकते, याचा ताजा दाखला तुमच्याच हातचा आहे. मुंबईच्या बाबतीत तो विसरू नका.

आता त्या इमारतीबद्दल थोडं. तुम्हाला माहीत असेलच, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत.

उच्च न्यायालय स्थापन झालं १४ ऑगस्ट १८६२ रोजी. स्वतःची इमारत मिळायला पुढे सोळा वर्षं गेली. फोर्टचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, कर्नल जे. ए. फुलर यांच्या आराखड्यावरून, एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. पश्चिमेला दोन अष्टकोनी मनोरे, माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. मंजूर रक्कम होती १६,४७,१९६ रुपये, खर्च झाला १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये वाचले! सरकारी काम, सात वर्षं चाललेलं, आणि अंदाजपत्रकाच्या आत. माझ्या उभ्या नोकरीत असं एक मेजरमेंट बुक माझ्या हाताखालून गेलं नाही.

एका खांबाच्या माथ्यावर माकड कोरलंय. हातात तराजू, आणि एकाच डोळ्यावर पट्टी. दुसरीकडे वकिली पट्टा घातलेला कोल्हा आहे. म्हणतात, एका पारशी उपकंत्राटदाराचं बिलावरून भांडण झालं, तो दावा हरला आणि त्याने छिन्नीने सूड उगवला. खरंखोटं देव जाणे. पण ज्या न्यायालयाने आपल्याच खांबावरचं माकड दीडशे वर्षं खरवडून काढलं नाही, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

या भिंतींच्या आत काय काय झालं! १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, असा. तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे त्या डॉक्टर झाल्या. तेलंग आणि रानडे इथेच न्यायाधीश होते. डॉ. आंबेडकरांनी १९२३ पासून इथे वकिली केली. आणि टिळक. १९०८ चा खटला सगळ्यांना ठाऊक आहे : न्यायमूर्ती दावर, सात विरुद्ध दोन असा ज्युरीचा कौल, सहा वर्षं काळं पाणी, आणि बाहेर गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप. त्या कोर्टाबाहेर टिळकांचे शब्द कोरलेला संगमरवर आहे; १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्याचं अनावरण केलं. लोक विसरतात ते वेगळं. १८९७ ची शिक्षाही याच इमारतीतली, आणि १९१६ मध्ये चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या हा टिळकांवरचा हुकूम रद्द होऊन ते जिंकले तेही याच इमारतीत. ज्यांना शिक्षा झाली त्यांचा दगड आपल्याच दारात लावणारं न्यायालय म्हणून ती जागा मोठी आहे. नुसत्या गॉथिक कमानी काय, फोर्टात पावलोपावली आहेत.

आता तक्रारी. पहिलीच सगळ्यांत मोठी.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला तेव्हा प्रकरणाच्या नावात दोन गोष्टी होत्या, मुंबई उच्च न्यायालयाची वारसा इमारत आणि जादा जमिनीचं वाटप. या क्रमाने. जमिनीचं झपाट्याने पुढे सरकलं. टप्पे ठरले, ताबे दिले गेले, तारखा पाळल्या गेल्या, त्याबद्दल कौतुकच आहे. पण क्रमाने पहिली असलेली इमारत लोकांच्या चर्चेतून मागे पडली. तिच्यासाठी तसं वेळापत्रक कुठाय? आराखडा तयार असेल तर तो लोकांपुढे ठेवा, मराठीत ठेवा. नसेल तर नव्या इमारतीचा स्लॅब पडण्याआधी तो तयार करा.

घाई कशाला, असं वाटेल. तर रिकामी इमारत कशी मरते ते सांगतो, कारण ते मी हाताने पाहिलंय. माणसं असतात तोवर कुणीतरी गळकं छत दाखवतं, शिपाई पन्हळीतला पाला काढतो, सकाळी खिडक्या उघडल्या जातात. कुलूप लागलं की पहिल्याच पावसाळ्यात पन्हळ तुंबते. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते पाणी भिंतीत उतरतं, सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक आधी कुजतं, आणि ते बाहेरून दिसतच नाही. लोखंडी गर्डर असेल तर तो गंजून फुगतो आणि आजूबाजूचा दगड फोडतो. तोवर कबुतरांच्या विष्ठेतून पिंपळ उगवलेला असतो. तो वरून छाटला की फोटोत स्वच्छ दिसतं, मुळं मात्र सांध्यात आणखी आत जातात. पाच पावसाळे पुरतात. मग कुणीतरी तज्ज्ञ येतो आणि लिहितो, इमारत धोकादायक, पाडणे योग्य.

हायकोर्टापासून चालत दहा मिनिटांवर एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, जुनं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्याची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वकिलांच्या कचेऱ्या होत्या. २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळून एक जीव गेला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली, पाडायची की राखायची यावर बराच काळ खल चालला. कोर्टात जाता-येता तुमच्यातल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे.

दुसरी तक्रार सिमेंटची. ती मी कुठल्याही एका खात्यावर लावत नाही, ती आमच्या अख्ख्या धंद्याची खोड आहे. त्या काळच्या मुंबईच्या इमारती चुन्यात बांधल्या. भिंतीला कुर्ल्या-मालाडचा दगड, नाजूक कोरीवकामाला मऊ पोरबंदर. चुना श्वास घेतो. पाणी आत गेलं तरी सांध्यातून बाहेर येतं, आणि झीज व्हायचीच तर चुन्याची होते, जो पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या की पाण्याला बाहेर पडायला दगडाचाच चेहरा उरतो. तिथे मीठ साठतं आणि पोरबंदरची साल सुटते. गुलाबाची पाकळी म्हणून जे कोरलं होतं त्याचा दहा वर्षांत बटाटा होतो. एका जुन्या सरकारी इमारतीत, नाव सांगत नाही, आम्ही महिनाभर चुना भिजवून, चाळून, घाण्यात मळून काम करत होतो. सणाच्या सुट्टीनंतर परत आलो तर मागची भिंत सिमेंटने लिंपून, वर काळा रंग मारून "पूर्ण" झाली होती. उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणे. मी ते सिमेंट काढायला गेलो तेव्हा त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्रा निघाला. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून सगळ्यांत कमी दराची निविदा आणि दरसूचीतला सिमेंट गिलावा हा न्याय या इमारतीला लावू नका. ही काही निराशेची गोष्ट नाही, मुंबईत चांगली कामं झाली आहेत. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ ते २००८ या काळात दुरुस्त करून पुन्हा उभं केलं, त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. हायकोर्टाच्या शेजारचा राजाबाई टॉवर २०१५ मध्ये दुरुस्त झाला. त्या कामांवर तयार झालेले पाथरवट, सुतार, काच बसवणारे अजून आहेत. ते म्हातारे होण्याआधी बोलवा.

तिसरी, आगीची. मंत्रालय २१ जून २०१२ रोजी पेटलं तेव्हा फायलींचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लाकडी छत, पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद आणि जागोजागी ओढलेल्या वायरी यांना एक ठिणगी पुरते. स्थलांतराच्या गोंधळात, अर्ध्या खोल्या रिकाम्या आणि अर्ध्या भरलेल्या असताना, धोका सगळ्यांत जास्त.

इथे एक परदेशी उदाहरण देतो, माफ करा, पण ते चपखल आहे. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तिकडे २५४ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आणि बहुतेकींच्या मुख्य गावात मधोमध चौकात एक जुनं न्यायालय, आपल्याकडे वेशीजवळ मारुती असतो तसं. १९९३ च्या एक जानेवारीला हिल काउंटीचं १८९० मधलं न्यायालय जळालं. राहिल्या त्या भिंती. लोकांनी गाण्याचे कार्यक्रम करून पैसे जमवले आणि ते पुन्हा बांधलं. १९९९ पासून राज्य सरकारने या इमारतींसाठी अनुदान सुरू केलं. त्यांच्या दोन अटी मला आवडल्या. अनुदान हवं तर आधी पूर्ण संवर्धन आराखडा मंजूर करून घ्यायचा, मगच पैसे. आणि न्यायालयाच्या इमारतीत बदल करायचा तर सहा महिने आधी राज्याच्या इतिहास आयोगाला कळवायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत मेसन काउंटीचं न्यायालय कुणीतरी पेटवून दिलं, पण जीर्णोद्धार सुरू व्हायचा म्हणून त्यातले दस्तऐवज आधीच हलवलेले होते, ते वाचले. आधी कागद, मग दगड. एवढा क्रम आपल्यालाही पाळता येईल.

चौथी तक्रार मला सगळ्यांत जास्त बोचते, आणि ती अजून घडलेली नाही. ती शंका आहे. अशा मोक्याच्या जागेवरच्या देखण्या इमारतीकडे पुष्कळांचं लक्ष असणार. कुणी म्हणेल इथे विभागाचं मुख्यालय करू, कुणी म्हणेल अतिथीगृह, कुणी म्हणेल खासगी भागीदारीत "हेरिटेज अनुभव", तिकीट पाचशे. दगड राखले जातील, कदाचित चकचकीतही होतील. पण आमच्या तात्यांनी ओव्हलवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बदलेल. कोर्टाच्या इमारतीचं वेगळेपण उघड्या दरवाजात असतं. पायात चप्पल आहे की बूट हे न बघता मागच्या बाकावर बसता येतं. ही सवलत नव्हे, न्याय उघड्यावर चालायचा हा नियमच आहे. न्यायाधीश वांद्र्याला गेल्यावर हा नियम त्या इमारतीपुरता संपू देऊ नका.

तेव्हा मागण्या थेट लिहितो.

इमारतीचा संवर्धन आराखडा जाहीर करा, आणि त्यावर हरकती-सूचना घ्यायला किमान साठ दिवस द्या. शेवटचं खंडपीठ बाहेर पडेल त्याच दिवशी इमारत कुणाच्या ताब्यात, देखभालीचा पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, जबाबदार अधिकारी कोण, हे आदेशात लिहिलेलं असू द्या. मधे एकही कुलूपबंद पावसाळा जाऊ देऊ नका.

दगड, चुना, लाकूड, रंगीत काच या कामांसाठी त्या कामाचा अनुभव ही पहिली पात्रता ठेवा, दर त्यानंतर. जुन्या दुरुस्त्यांमधलं सिमेंट कुठे कुठे आहे त्याची भिंतवार नोंद करा. हे काम स्वस्त आहे, दोन माणसं आणि एक शिडी.

खटल्यांच्या जुन्या कागदपत्रांची मोजदाद आणि छायांकन स्थलांतराच्या आधी पूर्ण करा. वायरिंगची तपासणी लगेच, उद्यापासून.

टिळकांच्या खटल्याचं दालन कोर्ट म्हणूनच राहू द्या. कठड्यात मेणाचा पुतळा उभा करू नका, कृपा करून. शक्य असेल तर महिन्यातून काही दिवस एखादं खंडपीठ तिथे खरोखर बसू द्या. तळमजल्यावर २०१५ पासून छोटं संग्रहालय आहेच. ते वाढवायचं असेल तर त्यात नामांकित खटल्यांच्या शेजारी साध्या पक्षकारांचीही एक खोली असू द्या. वकीलपत्र, सातबारा, अंगठ्याचे ठसे, एसटीची तिकिटं. पिशवी मी देईन. तात्यांची अजून आहे.

आणि प्रवेश फुकट ठेवा. सुरक्षा तपासणी करा, ओळखपत्र बघा, माझी काही हरकत नाही. पण ज्याला आत यायचंय त्याला येऊ द्या.

जून २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही इमारत आहे. आपल्या पालिकेच्या यादीतही ती पहिल्या श्रेणीची. कागदावर तिला संरक्षण कमी नाही, याची मला कल्पना आहे. मी कागदाबाहेरचं विचारतो आहे.

उत्तर द्याल तेव्हा ते मराठीत द्या, आणि संकेतस्थळावर टाकाल तसं एक कागदावर छापून हायकोर्टाच्या फाटकापाशीही लावा. अजूनही काही लोक रात्रीच्या गाडीने येतात, सकाळी लवकर पोचतात आणि दार उघडेपर्यंत तिथेच उभे असतात.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
डोंबिवली (मूळ गाव कऱ्हाड तालुका, जि. सातारा)